घरचे स्पीकर व वॉटांचा खरा हिशेब

संगणक ही वस्तू आता खेड्यांतल्या घरांतही अपरिचित राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, सरकारी दाखले, बँकेचे व्यवहार, परमुलखी गेलेल्या माणसांशी समोरासमोर बोलणे, अशा नाना कामांसाठी तो घरोघरी आला आहे. परंतु या यंत्राची नजर जितकी तेज, तितका त्याचा कंठ दुबळा. पडद्यावर चित्र स्वच्छ दिसते. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून यावा तसा किनरा येतो. दूरच्या नातवाचे शब्द आजीला लागत नाहीत. गायनमंडळात खालचा सूर धरणाऱ्याला ध्वनिमुद्रणात आपला सूर सापडत नाही. मग ज्याने त्याने कानांत बोंडे घालावीत व आपापला कोपरा धरावा, असे होते; आणि घरातील सर्वांनी मिळून काही ऐकण्याची चाल हळूहळू मोडते.

बाजारात तयार स्पीकरांना तोटा नाही. परंतु त्यांतील स्वस्त असतात ते बहुधा त्या डब्याचेच भाऊबंद, आणि चांगले असतात ते आपल्या ऐपतीबाहेरचे. बेळगाव भागातील एका शेतकरी गृहस्थांनी आम्हांस विचारले आहे की, आपला मुलगा स्पीकर घरीच बांधतो म्हणतो व त्यासाठी शंभर वॉटांचा अँप्लिफायर मागतो. तेव्हा पैसे द्यावेत, की ते पाण्यात जातील? आमचे उत्तर असे, की पैसे अवश्य द्यावेत, परंतु शंभर वॉटांसाठी देऊ नयेत. असे का, ते नीट समजावे म्हणून हा विषय आम्ही थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

आवाज कोठे हरवतो

आवाज म्हणजे हवेची आंदोलने. उंच सुराची आंदोलने जलद व हलकी असतात; खालच्या सुराची संथ असतात आणि त्यांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. पुरुषाच्या खालच्या आवाजाचे मूळ सूर सेकंदाला सुमारे ८० ते ३३० कंपनांचे असतात. मांडीवरच्या संगणकात बसविलेला स्पीकर एखाद्या नाण्याएवढा. एवढ्याशा पंख्याने मळणीतले धान्य उफणावे, तसा तो प्रकार. म्हणून खालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात व वरची किरकीर तेवढी उरते.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, परंतु त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मागची लाट कडेने वळून पुढच्या लाटेस मिळाली, की खालच्या सुरांत दोन्ही एकमेकींस खाऊन टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवावा, आवाज पोकळ येतो. तोच पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून त्यावर घट्ट बसवावा, आवाज तत्काळ भरतो. पेटी ही शोभेसाठी नाही, पुढच्या व मागच्या हवेची फारकत करण्यासाठी आहे, हे तत्त्व या एका प्रयोगाने मुलांच्या ध्यानी येईल.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी कर्ण्याविना वाजणाऱ्या स्पीकरची रचना प्रसिद्ध केली. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्यास जोडलेला कागदी शंकू, हीच ती रचना. आजचा साधा स्पीकरही मूलतः तोच आहे. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगेसारखे राबवून लहान पेटीतूनही भरदार खालचा सूर काढून दाखविला. १९६१ साली ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी, व १९७० नंतरच्या काही वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी, कोणत्या स्पीकरास केवढी पेटी लागते याचे गणित सुटसुटीत करून दिले. पूर्वी जे काम अंदाजाने व अनेक पेट्या फोडून करावे लागे, ते आता दहावीच्या विद्यार्थ्याला वहीच्या अर्ध्या पानावर करता येते. घरच्या कारागिराला हा मोठाच आधार होय.

स्पीकर निवडताना

नवशिक्याने दोन-तीन स्पीकरांची भानगड आरंभी करू नये. उंच सुराचा वेगळा, खालच्या सुराचा वेगळा, असे घेतले तर त्यांमध्ये सुरांची वाटणी करणारे मंडळही लागते, व ते जमविणे सोपे नाही. प्रत्येक पेटीत चार इंचांचा एकच सर्वसुरी, म्हणजे दुकानदार ज्यास ‘फुल रेंज’ म्हणतात तो, स्पीकर घालावा. मेजावर ठेवून ऐकण्यास तो उत्तम पुरतो.

स्पीकर घेताना त्याचा माहितीचा कागद मिळतो काय, हे प्रथम पाहावे. ज्याचा कागद नाही तो कितीही चकचकीत असला तरी गणितास निरुपयोगी. कागदावर चार आकडे शोधावेत. पहिला ओहम, तो आपणांस ८ हवा. दुसरा संवेदनक्षमता, म्हणजे एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो तो आकडा. ८७ किंवा त्याहून अधिक असल्यास उत्तम. तिसरा क्यूटीएस, बंद पेटीसाठी तो ०.४ ते ०.६ यांच्या दरम्यान असावा. चौथा व्हीएएस, हा लिटरांत दिलेला असतो. याखेरीज शंकूची कड रबराची आहे की फोमची, हे बोटाने चाचपून पाहावे. आपल्याकडील दमट हवेत फोमची कड काही वर्षांत कुजून भुगा होते. रबराची पुष्कळ टिकते.

पेटीचे गणित व सुताराचे काम

गणित असे. ०.७०७ या संख्येस क्यूटीएसने भागावे. जे येईल त्याचा वर्ग करावा. वर्गातून १ वजा करावा. बाकी राहील तिने व्हीएएसला भागावे. येणारे उत्तर म्हणजे पेटीच्या आतील लिटर. उदाहरणार्थ, क्यूटीएस ०.५ व व्हीएएस ६ लिटर असेल, तर भागाकार १.४१४, वर्ग २, बाकी १. म्हणून पेटी ६ लिटरांची. याच स्पीकरचे स्वाभाविक कंपन ७० असेल, तर पेटीत बसल्यावर ते १.४१४ पट, म्हणजे सुमारे १०० होते. त्याखालचे सूर हळूहळू उतरत जातात. याहून लहान पेटी केली तर आवाज गुमगुमतो, व फार मोठी केली तर शंकूला आवर राहत नाही.

सहा लिटर म्हणजे ६००० घन सेंटिमीटर. आतून रुंदी १५, खोली १६ व उंची २५ सेंटिमीटर धरली, की हिशेब बरोबर जुळतो. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमधून एका पेटीसाठी सहा फळ्या कापाव्यात: बाजूच्या दोन, २५ × १६, वरखालच्या दोन, १८.६ × १६. पुढची व मागची, १८.६ × २८.६ सेंटिमीटर. दोन पेट्यांसाठी २ फूट × ४ फूट मापाचा एक तुकडा पुरतो, आणि असा तुकडा गावच्या सुताराकडे उरलेल्या मालात पुष्कळदा सापडतो. भुसा दाबून केलेली स्वस्त फळी मात्र कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात फुगते. तेथील वाचकांनी आयएस ७१० ही खूण असलेले जलरोधक प्लायवूडच घ्यावे.

फळ्या सरळ कापण्याचे काम यंत्र असलेल्या सुताराकडून करून घ्यावे; पुढचे काम घरी होते. प्रत्येक कोपरा गुण्या लावून तपासावा. सांध्यांत फेविकॉल भरपूर लावून फळ्या शिकंज्यात, किंवा शिकंजा नसल्यास दोरीने करकचून आवळून, रात्रभर ठेवाव्यात. पुढच्या फळीचे भोक स्पीकरच्या कागदावरील मापाने पाडावे. वरून बिघाड झाल्यास काढता यावा म्हणून स्पीकर गोंदाने न चिकटविता स्क्रूनेच बसवावा, व त्याच्या कडेखाली रबराची किंवा मऊ फोमची पातळ पट्टी द्यावी. मागच्या फळीत तारांसाठी पाडलेले भोकही लुकणाने बुजवावे.

या कामात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवेची गळती. पेटी तयार झाल्यावर शंकू तळहाताने अगदी हलक्या, सम दाबाने आत लोटून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. झटकन परतला तर कोठेतरी फट आहे. आत उशीत भरतात तो कृत्रिम कापूस सैलसर भरावा, म्हणजे आतील घुमा कमी होतो. खरा कापूस भरू नये. तो ओल धरतो.

वॉटांचा खरा हिशेब

आता अँप्लिफायर. येथेच ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते. खोक्यावर शंभर, दोनशे, क्वचित हजार वॉट छापलेले असतात. ‘पीएमपीओ’ अशी अक्षरे दिसली तर तो आकडा सोडूनच द्यावा. त्यास कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. अशा फुगविलेल्या आकड्यांस आळा घालण्यासाठी अमेरिकेत १९७४ साली सरकारला घरगुती अँप्लिफायरांपुरता खास नियम करावा लागला. आपण खेड्यात बसूनही हा खोटेपणा एका ओळीच्या गणिताने उघडा पाडू शकतो.

आजचे लहान अँप्लिफायर बहुतेक ‘डी’ वर्गातील असतात. ते थोडी वीज घेतात, फार तापत नाहीत, व साध्या अडॅप्टरवर चालतात. अशा अँप्लिफायरचे सामर्थ्य अडॅप्टरच्या व्होल्टांपलीकडे जाऊच शकत नाही. व्होल्टांचा वर्ग करावा व त्यास ओहमांच्या दुपटीने भागावे. येईल ती एका बाजूच्या स्वच्छ आवाजाची कमाल मर्यादा. १२ व्होल्ट व ८ ओहम: १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॉट. १२ व्होल्ट व ४ ओहम: १८ वॉट. २४ व्होल्ट व ८ ओहम: ३६ वॉट. प्रत्यक्षात याहूनही थोडे कमीच मिळते. मग १२ व्होल्टांच्या अडॅप्टरसह विकल्या जाणाऱ्या पेटीवर शंभर वॉट लिहिले असतील, तर ते आकाशातून येतात काय?

परंतु येथे वाचक विचारतील, ९ वॉट पुरतील काय? पुरतील, व उरतीलही. आपला स्पीकर एका वॉटला ८७ डेसिबल देतो असे धरू. साधे बोलणे एका मीटरवर सुमारे ६० ते ६५ डेसिबल असते. ८७ वरून ६५ वर यावयाचे म्हणजे एका वॉटचा शंभरावा भागही खर्च होत नाही. गाणे ७५ डेसिबलने ऐकले, तर सरासरी खर्च एका वॉटचा सोळावा भाग. गाण्यात मध्येच ढोल वाजतो किंवा सर्व कंठ एकदम उंचावतात, तेव्हा आवाज क्षणभर वीस डेसिबलने चढतो. त्या क्षणी शंभरपट शक्ती लागते, म्हणजे सुमारे ६ वॉट. नऊ वॉटांत तेही भागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वॉट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, व ती वाढ कानाला जेमतेम कळते. आवाज दुप्पट भासावा यासाठी सुमारे दहापट वॉट लागतात. उलट ८४ डेसिबलच्या स्पीकराऐवजी ८७ चा घेतला, तर जणू अँप्लिफायरचे वॉट फुकटात दुप्पट झाले. म्हणूनच आम्ही म्हणतो, जवळच्या पैशांचे चार वाटे करावेत. दोन वाटे स्पीकरांवर खर्चावेत, एक लाकडावर, व एकच अँप्लिफायर आणि अडॅप्टर यांवर. शंभर वॉटांचा हट्ट धरणारे हा हिशेब नेमका उलटा करतात, व मग पैसे जाऊनही आवाज डब्याचा डब्यातच राहतो.

दुकानात विचारताना चिपचे नाव विचारावे. पीएएम ८४०३ ही चिप ५ व्होल्टांवर चालते. ४ ओहमांवर ती जेमतेम ३ वॉट देते. ती खेळण्यापुरती ठीक. टीपीए ३११० किंवा टीपीए ३११६ या चिपांवरील तयार पट्ट्या आपल्या कामाच्या आहेत. टीपीए ३११६ ला तिचे कर्ते २१ व्होल्टांवर व ४ ओहमांवर ५० वॉट म्हणतात. आमच्या सूत्राने मर्यादा ५५ येते, म्हणजे तो आकडा प्रामाणिक आहे. तीच पट्टी १२ व्होल्टांवर लावली की मात्र वरच्या हिशेबाप्रमाणेच वागणार. जुन्या पद्धतीचे, ट्रान्सफॉर्मर लागणारे अँप्लिफायरही चांगले वाजतात, परंतु त्यांत घरची २३० व्होल्टांची वीज उघड्यावर हाताळावी लागते. मुलांच्या हाती हे काम देऊ नये, असे आम्ही निक्षून सांगतो. बीआयएस नोंदणीचा, १२ व्होल्ट व ३ अँपिअरचा बंद अडॅप्टर घ्यावा. त्याच्या पुढची वीज अंगास अपाय करीत नाही. विजा कडाडू लागल्या की तोही भिंतीतून काढून ठेवावा.

जोडणी, जागा व कान

जोडणीत तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दोन्ही स्पीकरांची दिशा एक असावी. दीड व्होल्टांचा सेल क्षणभर लावून पाहावा; शंकू पुढे सरकला तर सेलचे धन टोक ज्या खुंटीला लागले ती धन. एक स्पीकर उलटा जोडला गेला, तर खालचे सूर पुन्हा एकमेकांस खाऊन टाकतात. दुसरी, वर सांगितलेल्या अँप्लिफायरांत दोन्ही बाजूंच्या ऋण तारा कधीही एकत्र जोडू नयेत, चिप जळते. तिसरी, संगणकाचा चार्जर लावताच गुणगुण सुरू झाली व काढताच थांबली, तर दोष स्पीकरांत नसून जमिनीच्या तारेच्या फेऱ्यात आहे, असे समजावे. तो तोडणारी लहानशी डबी दुकानात ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ या नावाने मिळते.

पेट्या मेजाच्या दोन टोकांस, कानाच्या उंचीस, व तोंडे ऐकणाऱ्याकडे थोडी वळवून ठेवाव्यात. एकाच स्पीकरमधून निघणारे उंच सूर सरळ रेषेत जातात; तोंड वळविले नाही तर शब्दांतील स, श, त ही अक्षरे बुजतात, व वृद्धांस नेमकी तीच हवी असतात. भिंतीजवळ सरकविल्यास खालचा सूर वाढतो, कोपऱ्यात ठेवल्यास घुमतो. थोडे मागेपुढे करून पाहावे. त्यास खर्च लागत नाही.

आवाजाची पातळी पालकांनी ठरवून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, व मुलांसाठी ७५ डेसिबल तितकेच तास, अशी मर्यादा सुचविली आहे. गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही. चांगल्या स्पीकरचा एक मोठा लाभ असा, की शब्द स्पष्ट असल्याने आवाज चढविण्याची गरजच कमी पडते.

शेवटी खरेदीचा क्रम सांगून लेख संपवितो. प्रथम स्पीकर व त्यांचा कागद आणावा. मग गणित करून लाकूड कापावे. अँप्लिफायर सर्वांच्या शेवटी घ्यावा. घरात जुन्या यंत्राचा १२ व्होल्टांचा अडॅप्टर पडून असेल, तर त्याचे अँपिअर वाचून तोच प्रथम लावून पाहावा. प्रत्येक बाजूस ९ वॉटांसाठी २ अँपिअर पुरतात. हे काम दोन-तीन सुट्ट्यांत होण्यासारखे आहे. बापाने फळी धरावी व मुलाने गोंद लावावा, असे झाले तर आणखी उत्तम. पुढे कधी एखादा स्पीकर मुका झालाच, तर पेटी फेकून देण्याची पाळी येणार नाही. मागची तार कोठे सुटते व डाख कोठे द्यावयाचा, हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असेल.